उजव्या रकान्यातली गादी

मी फिरती गादी बोलतेय. गाडीच्या सीटवर ठेवायची, गोल, लहान परातीएवढी. वर राखाडी कापड, आत स्पंज, खाली दोन तबकड्या आणि त्यांच्यामध्ये छर्रे. माझ्यावर बसलेला माणूस जागच्या जागी वळू शकतो, एवढंच माझं काम. पण त्या कामाने माझा स्वभावच असा झालाय की मला कुठेही स्वस्थ पडवत नाही. आत्ताही नाही. सकाळपासून मी या शोरूममध्ये आहे, आत्ता काचेच्या टेबलावर. शेजारी कंपनीच्या गाडीचा फॉर्म आहे. सूनबाई पेनाचं टोपण काढतेय, लावतेय, पुन्हा काढतेय, आणि माझा जीव टांगणीला लागलाय.

या फॉर्मशी माझं जुनं वैर आहे. सही व्हायला अजून वेळ दिसतो, तोवर सांगून टाकते. गप्प राहिले तर आतल्या आत फिरत बसेन.

कमरेचे पट्टे, कुबड्या आणि मानेच्या कॉलर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. प्रत्येक गादी हाताने फिरवायच्या आणि कान लावून ऐकायच्या. खरखर आली की गादी बाजूला. मला त्यांनी तीनदा फिरवलं. तिसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकलं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं. मी पास झाले एवढं मला कळलं. कशासाठी पास झाले ते कळायला वेळ लागला.

पुढे औषधांच्या एका दुकानात वरच्या फळीवर माझे आठ महिने गेले. येणारा प्रत्येक जण मला गरकन फिरवायचा, हसायचा आणि खोकल्याचं औषध घेऊन जायचा. फिरवणारे ढीगभर, घेणारा एकही नाही. शेवटी एका शाळामास्तरांनी मला वडिलांसाठी घेतलं.

ते वडील म्हणजे आप्पा. तीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला, आणि डाव्याचा भार सोसून सोसून उजवा. मला बघून म्हणाले, "हा खुळखुळा कोणासाठी आणलाय?" आणि मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ठेवून दिलं. तिथे त्यांची नात, तेव्हा चार वर्षांची, माझ्यावर बसून भोवळ येईपर्यंत फिरायची. बरे दिवस होते, पण मला सारखं वाटायचं की मी काही यासाठी जन्मले नाही.

आप्पांची मोठी बहीण, ताई, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धनिवासात राहते. दुसऱ्या मजल्यावर खोली, खिडकी फाटकाच्या अंगाला. दर शनिवारी आप्पा तिला भेटायला जायचे. गाडीतून उतरवताना मास्तर त्यांचे खांदे धरायचे, सूनबाई पाय उचलायची, आणि मग "एक, दोन, तीन." तेवढा वेळ आप्पा भलतीकडेच बघत राहायचे. ताई हे सगळं खिडकीतून बघायची. आप्पा लहान असताना आई अंथरुणाला खिळली होती, त्यांना ताईनेच कडेवर घेऊन वाढवलं. एका शनिवारी तिने फोन केला. तिचा आवाज मोठा, तो फोनबाहेर स्टुलापर्यंत आला. "मला भेटायला यायचं तर स्वतःच्या पायांनी उतर. तुला कोणी पोत्यासारखं उतरवणार असेल तर येऊ नकोस. मला बघवत नाही रे ते."

पुढच्या शनिवारी आप्पांनी नातीला स्टुलावरून उठवलं आणि मला खाकोटीला मारून खाली नेलं.

पहिल्याच दिवशी आमचं जमलं. दरवाजा उघडायचा, वरची मूठ पकडायची, आणि मी चतकोर वळायचं. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर. एक श्वास, आणि उभं राहायचं. कोणाचा हात नाही, एक-दोन-तीन नाही. आप्पा सरळ झाले, त्यांनी वर खिडकीकडे बघून दोन बोटं उचलली. रस्त्यात समोरून दुसरी बस आली की ड्रायव्हर स्टिअरिंगवरून अशीच दोन बोटं उचलून एकमेकांना सलाम करतात. वरून ताईने हात हलवला. कशासाठी पास झाले होते ते मला त्या दिवशी कळलं.

गाडी सूनबाईच्या कंपनीची. ती लिफ्टची तपासनीस आहे. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांत बोटभर फरक दिसला तरी ती लिफ्ट बंद करून चावी खिशात टाकते. रहिवासी ओरडतात, ती ऐकत नाही. दर चार वर्षांनी कंपनी तिला नवी गाडी देते आणि गाडीच्या आधी फॉर्म येतो. त्यात दोन रकाने. डावीकडे गाडीबरोबर कारखान्यातूनच बसून येणाऱ्या गोष्टी. त्यातल्या तीन निवडायच्या, मग चार वर्षं बदल नाही. उजवीकडे काढता-घालता येणाऱ्या वस्तू. त्यातल्या दोन.

चार वर्षांपूर्वी तो फॉर्म आमच्या जेवणाच्या टेबलावर आठवडाभर पडून होता. एवढी खलबतं त्या घरात मास्तरांच्या लग्नाच्या वेळीही झाली नसतील. नातीला काचेचं छत हवं होतं. मास्तरांना मागे सायकली अडकवायचा स्टँड हवा होता, सायकली दोन वर्षं गॅलरीत धूळ खात पडल्या होत्या तरी. सूनबाईची कंबर गाडी चालवून चालवून दुखायची, म्हणून तिला कंबर धरून ठेवणाऱ्या खोल सीट हव्या होत्या. गाडी मागे घेताना दिसायला कॅमेरा. हे झाले डावे तीन. उजवीकडे सायकलींचा स्टँड, आणि डिकीत सूनबाईच्या तेलकट अवजारांखाली घालायचा रबरी ट्रे. दोन्ही रकाने भरले.

मग सूनबाईने विचारलं, "आप्पा, तुमचं काय? तुम्हाला काय हवंय?"

"मला काय, मी कुठेही बसेन," आप्पा म्हणाले आणि मला थोपटलं. "माझं माझ्यापाशी आहे."

मी त्यांच्याखालीच होते. वस्तू उजव्या रकान्यातली, पण कंपनीच्या यादीत नाव नाही. तेव्हापासून माझी चुळबुळ सुरू झाली.

सूनबाईने निष्काळजीपणा केला असं मात्र मी म्हणणार नाही. तिने आप्पांना खुर्चीत बसवून त्यांच्या गुडघ्याची जमिनीपासून उंची पट्टीने मोजली. मग शोरूममध्ये जाऊन सीटची उंची मोजली, त्यात माझी जाडी धरली. कुठेच बोटभरही फरक नव्हता. ती खूश होऊन घरी आली. लिफ्टवाल्या माणसाला पातळी बरोबर दिसते. रुंदी बघायचं तिच्या मनातही आलं नाही. आणि शोरूममधली सीट साधी होती. खोल सीट तिने फक्त फॉर्मवर खूण करून मागवली होती, डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. मला बरोबर नेलं असतं तर मी तिथेच सांगितलं असतं. पण मी घरी स्टुलावर होते.

गाडी आली. खोल सीट म्हणजे दोन्ही बाजूंना फुगवटे. त्यांच्यामध्ये मी कशीबशी कोंबली गेले, माझ्या कडा वर वाकल्या, छर्रे दाबले गेले. आप्पा बसले. सगळे कौतुकाने बघत उभे होते. आप्पांनी मूठ धरली आणि ते वळले. मी वळले नाही. त्यांचं अंग बाहेर आलं, पाय आतच राहिले, आणि ते दरवाज्यावर आडवे गेले. मास्तरांनी धरलं म्हणून पडले नाहीत. हे आमच्या इमारतीखालीच झालं, ताईच्या खिडकीसमोर नाही, एवढंच नशीब.

सूनबाईने ऑफिसला फोन केला. बाजूची एक सीट बदलून मिळेल का? तिकडून उत्तर आलं, डावा रकाना आहे, चार वर्षं काही होणार नाही. फोन ठेवून ती गाडीतच बसून राहिली. "अख्ख्या शहराच्या लिफ्टचे मजले जुळवते मी," ती स्वतःशीच म्हणाली, "आणि घरच्या माणसाला खाली उतरवता येत नाही मला." मी बाजूच्या सीटवर अडकलेली होते. मला तिचा राग आला होता, तो तिथेच गेला.

मग उपाय सुरू झाले. फुगवट्यांमध्ये फळी टाकून त्यावर मला ठेवलं. मी फिरू लागले, पण उंची वाढली आणि आप्पांचे पाय अधांतरी लोंबू लागले. पायाखाली डबा ठेवून पाहिला, तो घसरला. मास्तर म्हणाले, आपण टॅक्सी करू. आप्पा म्हणाले, राहू दे. त्या शनिवारी त्यांना काम निघालं. पुढच्या शनिवारी पोट बिघडलं. तिसऱ्या शनिवारी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, कारण तोवर मला चपलांच्या कपाटात वर टाकलं होतं. अंधारात, दोन छत्र्यांच्या मध्ये, न फिरता. असे बारा-तेरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

चौथ्या शनिवारी सकाळी कपाट उघडलं. सूनबाईने मला उचलून खाली नेलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर टाकलं. मागची सीट सपाट होती. माझ्यावर बसून ती स्वतः वळली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी इतकी फिरले की लाज वाटावी. मग तिने आप्पांना बोलावलं.

"मागे?" आप्पा म्हणाले. "मागे प्रवासी बसतात. मी तीस वर्षं सगळ्यांच्या पुढे बसलोय, सूनबाई."

"माहितीये."

"मी नाही बसणार मागे."

सूनबाई उठली नाही. माझ्यावरच बसून राहिली, मांडीवर हात ठेवून. पाच मिनिटं गेली असतील. वरच्या मजल्यावरची बाई कचऱ्याचा डबा ठेवायला आली, दोघांकडे बघून परत गेली.

"गाडी कोण चालवणार मग?" आप्पांनी शेवटी विचारलं.

"आप्पा, ताईंनी स्वतःच्या पायांनी उतरायला सांगितलंय. पुढे बसूनच यायचं असं कुठे म्हणाल्यात त्या?"

आप्पांनी मान फिरवली, घसा खाकरला. मग म्हणाले, "सरक तिकडे."

वृद्धनिवासाच्या फाटकाशी गाडी थांबली. मागचा दरवाजा उघडला. मूठ, चतकोर वळण, दोन पाय, श्वास, आणि आप्पा उभे. दोन बोटं वर गेली. खिडकी उघडीच होती. ताई तिच्या त्या आवाजात म्हणाली, "काय रे, ड्रायव्हर ठेवलास की काय?"

आप्पांनी स्टिअरिंगवरच्या सूनबाईकडे एकदा पाहिलं. "ठेवलाय. पण कोणाचं ऐकत नाही."

त्यावर ताई इतकी हसली की तिला खिडकीचा गज धरावा लागला. मास्तर सायकलींच्या स्टँडचं कौतुक सांगतात, पण त्या गाडीत उपयोगाला आलेली वस्तू मी. चार वर्षं, दर शनिवारी. सूनबाई आप्पांना सोडून जवळपासच्या एखाद्या लिफ्टचं काम उरकून यायची, म्हणून वर खोलीत काय बोलणं व्हायचं ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मला तर नाहीच, मी गाडीत.

पण ओझं मला कळतं. गेल्या वर्षापासून आप्पा परत येऊन माझ्यावर बसायचे आणि वळायचेच नाहीत. पाय बाहेर, दरवाजा उघडा, तसेच बसून राहायचे. सूनबाई विचारायची, "दमलात का?" ते म्हणायचे, "नाही." आणि मागच्या शनिवारी तर एक विचित्रच प्रकार झाला. आप्पा वर गेले आणि दहा मिनिटांत एकटेच खाली आले. सूनबाई अजून फाटकाशी गाडी लावून फोनवर बोलत होती. आप्पा आत बसले, दरवाजा लावला, थोडं थांबले, पुन्हा दरवाजा उघडला, वळले, उतरले, दोन बोटं उचलली आणि वर गेले. सूनबाईला वाटलं चष्मा राहिला असेल. मला काही समजलं नाही, आणि न समजलेल्या गोष्टीने माझी आधीच कमी असलेली झोप उडाली.

तर आता हे शोरूम. नवा फॉर्म, तेच दोन रकाने. या वेळी सूनबाईने मला पिशवीत घालून आणलंय. पट्टीने उंची मोजली, रुंदी मोजली, दरवाजा किती उघडतो ते मोजलं. शोरूमच्या माणसाने विचारलं, "मॅडम, तुम्ही गाडी घेताय की तपासणी करताय?" ती म्हणाली, "दोन्ही." तिने महिनाभर ऑफिसशी भांडून एक गोष्ट मिळवली आहे. चालकाची सीट खोल आणि बाजूची साधी, अशी जोडी फोडून. पण ते दोन पर्याय धरले जातात. कॅमेरा तिला हवाच. झाले तीन. काचेचं छत गेलं.

नात आता बारा वर्षांची आहे. आईने तिला विचारलं, चालेल ना? ती सोफ्यावर बसून म्हणाली, "ठीक आहे. मला काय." आप्पांनी चटकन तिच्याकडे पाहिलं. तो सूर त्यांच्या ओळखीचा होता.

मग सूनबाईने मला पुढच्या सीटवर ठेवलं. चार वर्षांनी पुढची सीट. सपाट, रुंद, समोर मोठी काच. आप्पा बसले, मी लोण्यासारखी फिरले, पाय जमिनीवर टेकले. सूनबाईचे डोळे भरून आले, तिने ते लपवले नाहीत. शोरूमच्या माणसाने पेन पुढे केलं.

"हिला मागे ठेवून बघ," आप्पा म्हणाले.

"आता मागे कशाला, आप्पा? तुमची पुढची जागा परत मिळवलीये मी."

"मिळवलीस, दिसतंय मला. पण मागे ठेव."

"का पण?"

माझ्यावर आप्पांचं ओझं एकदम वाढलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "ताई मला ओळखत नाही आता. वर्ष होत आलं. मागच्या शनिवारी मी आत गेलो तर म्हणाली, बसा हं, माझा भाऊ येणारे. मी म्हटलं, अगं मीच तो. म्हणाली, छे, माझा भाऊ मोटारीच्या मागच्या दारातून उतरतो. एकटा उतरतो. मी बघते ना रोज. तो आला नाही अजून." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मग मी खाली आलो. पुन्हा बसलो, पुन्हा उतरलो. वर गेलो तर म्हणाली, आलास? किती उशीर केलास."

शोरूमच्या माणसाने उगाच टेबलावरचे कागद सारखे केले.

सूनबाईने मला मागच्या सीटवर ठेवलं. पट्टी काढली, मोजलं, पुन्हा मोजलं. मग आप्पा आले, बसले, वळले, उतरले. सवयीने त्यांची दोन बोटं वर गेली. वर शोरूमची नुसती भिंत होती.

आत्ता ती फॉर्म भरतेय. बाजूच्या साध्या सीटवर तिने काट मारलीये. पुढे दोन्ही सीट खोल, एक पर्याय. कॅमेरा, दुसरा. तिसऱ्याला तिने काचेच्या छतावर खूण केली आणि सोफ्यावरून एक उडी ऐकू आली. नात म्हणाली, "मग ताईआजींना वरून आजोबा आत बसलेले पण दिसतील." सूनबाई म्हणाली, "काळी काच असते ती, काही दिसत नाही." पण खूण तिने पुसली नाही. उजव्या रकान्यात छापील यादीच्या खाली तिने पेनाने लिहिलं, "फिरती गादी, मागची सीट." शोरूमचा माणूस म्हणाला, "मॅडम, ती तुमचीच आहे, लिहायची गरज नाही." ती म्हणाली, "असू दे. लिहिलेलं बरं."

माझं वैर संपलं. पण चैन पडली असं नाही, ती माझ्या नशिबात नाही. मघाशी आप्पा मागच्या सीटवर वळले तेव्हा माझ्या आत बारीक खरखर झाली. त्या कारखान्यातल्या बाईंनी ऐकली असती तर मला बाजूला काढलं असतं. ताई एक दिवस ते मागचं दारही विसरेल, हे मला कळतं. आप्पांनाही कळतं. तोवर मला फिरायचंय. म्हणून कोणीतरी, आजच, माझ्या छर्र्यांमध्ये दोन थेंब तेल घाला. उद्या शनिवार आहे.